मधल्या दाराशी बसलेला घट

खोली बघायला गेली तेव्हा राजेश्रीनं सगळ्यात आधी खिडकी उघडून उजेड कसा येतो ते पाहिलं. ब्लाउज शिवणाऱ्या बाईचं बाकी कशावाचून अडत नाही, पण उजेडावाचून अडतं. खिडकी गल्लीच्या बाजूला होती आणि मशीन ठेवायच्या जागेवर चांगलं ऊन पडत होतं. नळाला पाणी आठवड्यानं येत होतं, पण ते काय, सगळ्या परभणीतच तसं येतं. मोरी खोलीच्या कोपऱ्यात होती, तिला दार नव्हतं. तिथं जुन्या साडीचा पडदा लावता येईल, असं तिनं मनाशी ठरवलं आणि खोली घेऊन टाकली.

घरमालकाचं घर आणि ही खोली यांच्यामध्ये एक दार आहे, हेही तिनं पाहिलं होतं. दार तिच्या बाजूला उघडायचं. पण तिच्याच बाजूनं त्याला चांगली जाड लोखंडी कडी होती, म्हणून तिनं त्या दाराचा विचार केला नाही.

सामान लावून झालं आणि त्याच संध्याकाळी घरमालक अण्णासाहेब पेचकस घेऊन आले. त्यांनी खुंटीवरचा कंदील काढावा तशी सहज ती कडी काढली आणि खिशात घातली. दाराच्या चौकटीवर नुसता कोयंडा राहिला.

"लाइटीचा बोर्ड तुमच्या खोलीत हाय ना," ते म्हणाले. "फ्यूज-बिज गेला तर मला यावं लागतंय. गल्लीतून फिरून कोण येईल?"

राजेश्रीनं मान हलवली. पहिल्याच दिवशी कशाला बोलायचं, असं तिला वाटलं. पुढं पुष्कळ दिवस तिला त्या मान हलवण्याचा पस्तावा होत राहिला.

राजेश्रीचं सासर राणीसावरगावचं. लेकीच्या शिक्षणासाठी ती परभणीला आली. लेक शिकली, लग्न होऊन जिंतूरला गेली. पण तोवर राजेश्रीच्या हाताला गिऱ्हाईक लागलं होतं. तिच्या हातचा गळा कधी उतरत नाही, बाही कधी काचत नाही, असं बायका एकमेकींना सांगायच्या. म्हणून ती इथंच राहिली, आणि आधीची खोली सोडावी लागली तेव्हा तिनं ही घेतली. नवरा रामहरी सेलूच्या धान्याच्या मोंढ्यात एका आडत दुकानात वजनकाट्यावर होता. रात्री दुकानाची राखणही त्याच्याकडंच असल्यामुळं तो तिथंच झोपायचा आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं घरी यायचा. माणूस सज्जन, पण अगदी अबोल. मोंढ्यात दिवसभर आकडे ओरडून ओरडून त्याच्या वाट्याचे शब्द तिथंच संपतात, असं राजेश्री थट्टेनं म्हणायची.

अण्णासाहेब एका सरकारी कचेरीतून साहेब म्हणून निवृत्त झाले होते. मुलं पुण्याला. घरात ते आणि त्यांच्या पत्नी केशरबाई. कचेरीत असताना ते टेबलाटेबलामधून फिरून कोण काय करतं ते बघायचे म्हणे. आता फिरायला टेबलं उरली नव्हती. फ्यूज काही रोज जात नाही, पण अण्णासाहेब रोज येत. सकाळी येत, दुपारी येत, दिवेलागणीला येत. दार ढकलायचं, बोर्डाकडं एकदा बघायचं आणि मग खोलीभर नजर फिरवायची.

"काल रात्री आवाज कुणाचा होता?"

"लेकीचा फोन आला होता, अण्णासाहेब."

"आज वांगं केलं का?" असं म्हणत ते पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचे. "पंखा एवढा जोरात कशाला? दिवसा बल्ब कशाला?"

कधी वाईट बोलले नाहीत, कधी हात लावला नाही. म्हणूनच तक्रार तरी काय सांगायची, हे राजेश्रीला कळत नव्हतं. पण हळूहळू तिचं अंग त्या दाराच्या धाकानं आखडून गेलं. अण्णासाहेब उठायच्या आत, काळोखातच ती आंघोळ उरकून घ्यायची. दुपारी पाठ टेकायची तिला पहिल्यापासून सवय, ती तिनं सोडली. घरात एकटी असली तरी पदर पिन लावून बसायची. मशीनवर बसल्यावर तिची पाठ दाराकडं यायची, म्हणून तिनं मशीनच फिरवून ठेवली. मग उजेड पाठीमागून यायला लागला आणि हाताची सावली कापडावर पडायला लागली.

एकदा धीर करून ती म्हणाली, "अण्णासाहेब, येताना जरा आवाज देत जा. बाया मापं द्यायला आलेल्या असतात."

"माझ्याच घरात मी आवाज देऊ?" अण्णासाहेबांना खरोखरच नवल वाटलं. "अन् तुमी मला लेकीसारख्या. लेकीच्या घरी यायला बाप विचारत असतो का?"

राजेश्रीला तिचे वडील आठवले. ते लेकीच्या घरी यायचे तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच खाकरायला लागायचे आणि उंबऱ्याबाहेर उभे राहून आधी पाणी मागायचे. पण हे अण्णासाहेबांना कसं सांगणार?

तिनं दाराला एक घुंगरू बांधलं. दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब ते हातात घेऊनच आले. "याच्यानं केशरचं डोकं दुखायलंय," म्हणाले. तिनं ज्वारीची पत्र्याची कोठी ओढून दाराला लावली. अण्णासाहेबांनी खांदा लावून दार ढकललं, कोठी करकरत बाजूला सरकली. "इथं ठेवू नका हो," ते म्हणाले, "फरशीला चरे पडायलेत."

राजेश्रीकडं एका वकिलाची बायको ब्लाउज शिवायला टाकायची. तिला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "अहो, किरायानं दिली म्हणजे खोली तेवढ्या काळापुरती तुमचीच. तुमाला विचारल्याशिवाय मालकाला आत येता येत न्हाई. तुमी सरळ सांगा त्यांना."

"तुमचं खरं हाय ताई," राजेश्री म्हणाली. "पण ते दार उघडून आत आल्यावर मी कायदा सांगणार. तोवर आत उभी असलेली बाई काय पांघरणार?"

आणि नेमकं तेच झालं. शेजारच्या गल्लीतली प्रियदर्शनी नावाची नवी सून माप द्यायला आली होती. लाजाळू पोर. राजेश्रीनं पुढचं दार लावलं, खिडकी लोटली, तेव्हा कुठं तिनं पदर उतरवला. टेप तिच्या खांद्यावर होती आणि मधलं दार उघडलं.

अण्णासाहेब बोर्डाकडं बघत म्हणाले, "चालू द्या, चालू द्या." आणि तिथंच उभे राहिले.

प्रियदर्शनीनं साडी कशीबशी गुंडाळली आणि ती पळाली. दुसऱ्या दिवशी तिची सासू येऊन कापडं परत घेऊन गेली. बाई भांडल्या नाहीत, उलट हळू आवाजात म्हणाल्या, "तुझ्या हाताला नाव ठेवायला जागा न्हाई राजेश्री. पण सून म्हणती, त्या घरात मी पाय ठेवणार न्हाई. मी तरी कसं पाठवू?"

ही गोष्ट गल्लीतून गल्लीत गेली. बायका नुसतं फॉल-पिकोचं काम देऊ लागल्या, ब्लाउज दुसरीकडं टाकू लागल्या. काहीजणी म्हणाल्या, घरी येऊन माप घे. राजेश्री पिशवीत टेप घालून घरोघर जाऊन आली. पण ब्लाउज शिवून झाल्यावर अंगावर घालून बघावा लागतो, उसवून पुन्हा टीप मारावी लागते, त्याला मशीनजवळच यावं लागतं. दसरा-दिवाळीचं काम तोंडावर होतं. वर्षाची सगळी कमाई याच दिवसांतली. हे दिवस रिकामे गेले असते तर मशीन गाडीवर टाकून राणीसावरगावला परत जायचं, एवढंच तिच्या हातात उरलं असतं. दुसरी खोलीही तिनं शोधली. कुणी म्हणे मशीनचा आवाज नको, कुणी म्हणे नवरा सेलूला, मग तुमी एकट्याच का?

शनिवारी रामहरी आला तेव्हा तिनं ताट वाढता वाढता सगळं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, तरी आवाज फुटलाच.

रामहरी बराच वेळ घास चावत राहिला. मग म्हणाला, "थोडं सोस. लगेच दुसरी खोली कुठं भेटंल?"

"तुमाला काय होतंय म्हणायला! तुमच्या दुकानात येतंय का कुणी असं दार ढकलून?"

रामहरीनं यावर मान डोलावली. हात धुतला, पुसला आणि त्या दाराकडं बघत बसला. राजेश्रीला त्याचा असा राग आला की तिनं भांडी जरा जास्तच आपटली.

त्या वर्षी राणीसावरगावला दिराच्या घराचं बांधकाम निघालं होतं. जुनं घर पाडलेलं, नव्याला अजून छत नव्हतं. दिरानं फोन केला, "वहिनी, या साली देवीचे घट तुमच्याकडं बसवा. हितं कुठं बसवायचे?" राजेश्रीला बरं वाटलं. परभणीत आल्यापासून तिच्या घरी पहिल्यांदाच घट बसणार होते.

घटस्थापनेला रामहरी दुकानातून सुट्टी घेऊन आला. येताना एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानातली काळी माती पिशवीत घेऊन आला, काराळाची पिवळी फुलं आणली. आंघोळ करून त्यानं सोवळं नेसलं आणि राजेश्री नैवेद्याचं बघत असतानाच पत्रावळीवर माती पसरायला बसला. ती वळून बघते तर पत्रावळ मधल्या दाराला अगदी चिकटून.

"अहो! तिथं कुठं? दाराशी?"

"तिथं कुणाचे पाय लागणार न्हाईत," रामहरी म्हणाला.

राजेश्रीनं कपाळावर हात मारला. ज्या दारातून सकाळ-दुपार-संध्याकाळ पाय येतात, त्याच दाराशी बसून हा माणूस म्हणतोय कुणाचे पाय लागणार नाहीत! आठवड्यातून एक दिवस घरी येणाऱ्याला घरातलं काय कळणार? पण तोवर त्यानं मातीत गहू-ज्वारी पेरली होती, मध्ये पाण्याचा घट ठेवला होता, त्यावर विड्याची पानं आणि नारळ मांडला होता. समोर अखंड दिवाही लावून टाकला होता. एकदा घट बसला की उठेपर्यंत जागचा हलवायचा नाही, हे लहान लेकरालाही माहीत असतं. रामहरी उठला, हात उंच करून चौकटीवरच्या त्या रिकाम्या कोयंड्याला दोरा बांधला आणि काराळाच्या फुलांची पहिली माळ घटावर सोडली. मग जेवला आणि दुपारच्या गाडीनं सेलूला निघून गेला.

राजेश्री त्या दिवशी मशीनवर बसली नाही. घटापाशीच बसून राहिली. दार उघडलं तर घट कलंडणार, दिवा विझणार. दोन्ही भावांच्या घरचा घट तो. दीर काही बोलला नसता, पण तिच्या स्वतःच्या मनाला ते आयुष्यभर लागून राहिलं असतं. मनातल्या मनात ती देवीला हात जोडत होती आणि नवऱ्याला नावं ठेवत होती.

दिवेलागणीला पलीकडं पावलं वाजली. दार बोटभर आत आलं. माळ हलली, दिव्याची वात फडफडली.

"अण्णासाहेब, घट हाय!" राजेश्री ओरडली. एवढ्या मोठ्यानं ती त्या घरात कधी बोलली नव्हती.

दार थांबलं.

"घट?" पलीकडून आवाज आला. "दाराशी कोण घट बसवतंय?"

तेवढ्यात केशरबाई धावत आल्याचं ऐकू आलं. "अहो, काय करायलाव! सोडा ते दार! देवी बसलीय तिथं."

"अगं पण बोर्ड—"

"बोर्डाला आग लागू द्या! घट सांडला तर ते पाप कुणाच्या डोक्यावर घेणार हाव तुमी? व्हा मागं."

दार हळूच, एखाद्या झोपलेल्या लेकराच्या अंगावरून पांघरूण काढावं तितकं हळू, मागं गेलं. राजेश्रीनं वातीला ओंजळीचा आडोसा धरला होता. ज्योत सरळ झाल्यावर तिनं हात काढला आणि दिव्यात तेल घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी आलं नाही. दुपारी कुणी आलं नाही. संध्याकाळी मात्र पुढच्या दारासमोर गल्लीत चपलांचा आवाज झाला. अण्णासाहेब फिरून आले होते.

समोरच्या ओट्यावर बायनाबाई बसलेली असायची. वाती वळून विकायची, नवरात्रात तिच्या वातींना मोठी मागणी. गल्लीतलं येणारं-जाणारं माणूस तिच्या नजरेखालून जायचं. राजेश्री आत दोन बायकांची मापं घेत होती. खिडकी लोटलेली होती, पण बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"अगंबया, अण्णासाहेब! आज इकडून?" बायनाबाई म्हणाली.

"बोर्ड बघायचाय."

"लाइट तर हाय की माझ्या घरात."

"असू द्या. बघायचाय."

"मग थांबा. आत बाया हायत. या, बसा हितं ओट्यावर."

अण्णासाहेब बसले. राजेश्रीच्या हातातली टेप तशीच राहिली. मग बायनाबाईचाच आवाज आला, वाती वळता वळता सहज बोलावं तसा.

"चपला बघा किती पडल्यात दारात. कायम असत्यात. पण तुमाला काय सांगायचं म्हणा, तुमी तर रोज आत जाता. आत बाया असतात ते तुमाला म्हाईतच असंल."

ती साधेपणानं बोलली की टोमणा मारला, हे राजेश्रीला त्या वेळीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. फटीतून तिला अण्णासाहेब दिसत होते. ते उंबऱ्यासमोरच्या चपलांकडं बघत होते. मधल्या दारातून येणाऱ्याला चपला दिसत नाहीत. आता दिसत होत्या. बायकांच्या चपला, एक लहान पोरीची, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. त्या बघत ते थोडा वेळ बसले आणि बोर्ड न बघताच उठून गेले.

त्यानंतर ते आणखी एकदोनदा आले. प्रत्येक वेळी गल्लीतून यावं लागे आणि प्रत्येक वेळी कुणी ना कुणी विचारी.

"फ्यूज लयच जायलाय का हो तुमचा?" एकानं सायकलवरून जाता जाता विचारलं, आणि ओट्यावरच्या सगळ्या बाया पदरात तोंड घालून हसल्या. मग अण्णासाहेब यायचे थांबले.

इकडं बायनाबाईनं वातींबरोबर ही बातमीही घरोघर पोचवली होती. "राजेश्रीच्या मधल्या दाराशी देवी बसलीय, आता तिकडून कुणी येत न्हाई." बायका यायला लागल्या. आधी घटाच्या दर्शनाला म्हणून, मग येताना काखेत ब्लाउजचं कापड घेऊन. प्रियदर्शनीची सासू आली. तिनं घटाला हळद-कुंकू वाहिलं आणि वाकता वाकता दाराकडं नीट निरखून पाहिलं.

"हे न्हाई ना उघडत आता?"

"घट उठेपर्यंत न्हाई."

"मग सुनेला उद्याच पाठवते. नंतरचं नंतर."

'नंतरचं नंतर' हेच राजेश्रीच्या मनाला लागलं. काम हातात आलं होतं, मशीन पुन्हा उजेडाकडं तोंड करून ठेवली होती, मातीतून कोवळे पिवळे कोंब वर आले होते. रोज एक माळ वाढत होती आणि दसरा जवळ येत होता. घटाचे कोंब बघून आनंद व्हायचा तो तिला व्हायचा, पण त्याबरोबर ती उरलेले दिवसही मोजायची. घट उठला की दार मोकळं.

अष्टमीला केशरबाई आल्या, देवीची ओटी भरायला. त्याही गल्लीतून फिरून आल्या. या खोलीत त्या क्वचितच यायच्या. ओटी भरून झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक हिरवं खणाचं कापड काढलं. "दिवाळीला नातू येणार हाय. बघ बरं, माझ्या मापाचा ब्लाउज होतो का."

राजेश्रीनं पुढचं दार लावून घेतलं. केशरबाईंनी पदर बाजूला केला आणि दोन्ही हात वर धरून उभ्या राहिल्या, तोंड मधल्या दाराकडं. राजेश्री पाठीचं माप घेत होती. एवढ्यात दाराच्या पलीकडं, अगदी जवळ, अण्णासाहेब खोकले.

केशरबाईंनी चटकन दोन्ही हात छातीशी घेतले. पदर धरायला गेल्या तर तो टेपमध्ये अडकला.

"येत न्हाईत ते," राजेश्री म्हणाली. "घट हाय ना."

पदर तसाच मुठीत धरून केशरबाई दाराकडं बघत राहिल्या. मग खाली बसल्या, पाणी मागून घेतलं.

"अगं, माझाच नवरा हाय तो," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं संसार केला. तरी काटा आला बघ अंगावर. मग ती परकी पोरगी..." पाण्याचं भांडं खाली ठेवून त्यांनी विचारलं, "तू आंघोळ कवा करतीस गं?"

राजेश्रीनं सांगितलं.

"हिवाळ्यात बी?"

"हिवाळ्यात बी."

"मला वाटायचं, म्हातारा माणूस, जातो, येतो. त्यात काय एवढं. मी कधी विचारच केला न्हाई बाई."

त्या संध्याकाळी भिंतीपलीकडं केशरबाईंचा आवाज बराच वेळ चालू होता. शब्द कळत नव्हते. मध्ये मध्ये अण्णासाहेबांचा एखादा शब्द यायचा आणि पुन्हा केशरबाईंचाच आवाज सुरू व्हायचा.

दसऱ्याला रामहरी सकाळच्या गाडीनं आला. त्यानं घट उठवला. कोंब चांगले वीतभर वाढले होते. त्यातले थोडे टोपीत खोवले, थोडे राजेश्रीच्या केसांत माळायला दिले. पत्रावळ उचलल्यावर फरशीवर ओलसर मातीचं एक गोल उरलं. दोघंही त्या गोलाकडं आणि मग दाराकडं बघत उभे राहिले.

"आता उद्यापासून..." राजेश्री म्हणाली.

पुढच्या दारावर टकटक झाली.

अण्णासाहेब होते. नवी टोपी, इस्त्रीचा सदरा. एका हातात आपट्याची पानं होती, दुसऱ्या हातात पेचकस.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

राजेश्रीला त्या घरात हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. रामहरी म्हणाला, "या ना, या."

अण्णासाहेबांनी चपला बाहेर काढल्या, उंबरा ओलांडला, दोघांच्या हातावर सोनं ठेवलं. मग खिशातून कागदात गुंडाळलेली ती जुनी कडी काढली. तिला तेल लावून पुसलेलं होतं.

"केशर म्हणाली, बसवून द्या," ते कडीकडं बघत म्हणाले. ते दारापाशी उभे राहून स्क्रू फिरवायला लागले. जुनी भोकं मोठी झाली होती, स्क्रू नुसताच फिरत होता. रामहरीनं आगकाडी मोडून त्या भोकात ठोकली. मग स्क्रू धरला. दोघं दाराकडंच बघत काम करत राहिले. कडी थोडी तिरपीच बसली.

"लावून बघा," अण्णासाहेब म्हणाले.

राजेश्रीनं कडी सरकवली. जरा जोर लावावा लागला, पण ती कोयंड्यात जाऊन बसली. तिनं दार हलवून पाहिलं. हललं नाही.

"बरं, येतो मग," म्हणून अण्णासाहेब उठले आणि सवयीनं मधल्या दाराकडंच वळले. कडीपाशी जाऊन थांबले. रामहरीला अवघडल्यासारखं झालं. कडी काढायला त्याचा हात पुढं होतोय असं दिसताच राजेश्री मध्ये उभी राहिली.

"चपला पुढच्या दारात हायत तुमच्या, अण्णासाहेब," ती म्हणाली.

"हां, हां. खरंच की." ते पुढच्या दारानं गेले.

"काय अण्णासाहेब," बाहेरून बायनाबाईचा आवाज आला, "आज सोनं का फ्यूज?"

"सोनं, सोनं," अण्णासाहेब म्हणाले, आणि स्वतःच थोडं हसले.

जेवताना राजेश्री नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. दिवसभर मनात घोळत होतं ते शेवटी तिनं विचारलंच. "खरं सांगा. घट तिथं मुद्दाम बसवला व्हता ना तुमी?"

रामहरीनं घास गिळला, पाणी प्याला.

"मी म्हणलो व्हतो की तुला," तो म्हणाला. "तिथं कुणाचे पाय लागणार न्हाईत."

राजेश्रीनं न विचारता त्याला पुरणपोळीवर आणखी तूप वाढलं. त्या दिवशी भांडी अजिबात वाजली नाहीत.

दिवाळीपर्यंत तिला मान वर करायला सवड मिळाली नाही. प्रियदर्शनीचे ब्लाउज झाले, तिच्या नणंदेचे झाले, केशरबाईंचा हिरवा खणाचा झाला. कडी रोज लावताना करकर वाजायची. अण्णासाहेबांची बोर्डाची काळजी काही सुटली नव्हती. ते मधूनमधून गल्लीतून यायचे, बाहेर उभे राहून हाक मारायचे, आत येऊन बोर्ड बघायचे आणि बल्बबद्दल काहीतरी बोलून जायचे. तेवढं राजेश्री ऐकून घ्यायची.

दिवाळी संपल्यावर एका दुपारी हातातलं काम आटोपलं. तिनं पुढचं दार लावलं, मधल्या दाराची कडी एकदा बघून घेतली, पदराची पिन काढून मशीनवर ठेवली आणि फरशीवर चटई टाकली. परभणीच्या त्या खोलीत कितीतरी दिवसांनी ती दुपारी आडवी होत होती. खिडकीतून ऊन पायांवर येत होतं. डोळा लागता लागता दारावर टकटक झाली.

"राजेश्रीबाई, बोर्ड बघायचा होता."

तिनं डोळे उघडले नाहीत. "आत्ता न्हाई, अण्णासाहेब," ती पडल्या पडल्याच म्हणाली. "संध्याकाळी या."

"बरं," अण्णासाहेब म्हणाले. चपलांचा आवाज गल्लीतून दूर गेला. राजेश्रीनं कूस बदलली आणि झोपून गेली.